लग्नातले विधी आणि मुलांचे प्रश्न

लग्नविधींचा अर्थ मुलांना कसा समजावून सांगावा, या विषयावर वाचकांनी पाठवलेल्या पत्रांपैकी काही निवडक पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रे थोडी संक्षिप्त केली असून, बहुतेकांच्या विनंतीनुसार नावे वगळली आहेत.

प्रश्न : माझ्या सहा वर्षांच्या मुलीच्या मावशीचे लग्न ठरले आहे. ‘मावशी आणि काका एकमेकांना आवडतातच ना, मग एवढं सगळं कशाला करायचं?’ असे ती रोज विचारते. ‘तशी पद्धत असते’ हे उत्तर तिला पुरत नाही आणि खरे सांगायचे तर मलाही पुरत नाही. तिला काय सांगावे?

उत्तर : आपल्या मुलीने नेमक्या जागी बोट ठेवले आहे. आवडणे ही मनातली गोष्ट आहे. ती आज असते, उद्या थोडी कमी होते, परवा पुन्हा वाढते, आणि त्यासाठी कोणाची साक्ष लागत नाही. लग्नात दोन माणसे त्याच्या पुढचे पाऊल टाकतात. आवडण्यातले हे चढउतार गृहीत धरूनही आम्ही एकमेकांची जबाबदारी घेऊ, असे कबूल करतात. सहा वर्षांच्या मुलांना हा फरक कळू शकतो, कारण शब्द देणे आणि शब्द मोडणे या दोन्ही गोष्टी त्यांनी अनुभवलेल्या असतात. ‘बघू उद्या’ आणि हातावर टाळी देऊन म्हटलेले ‘नक्की’ यांतला भेद मुले आपल्यापेक्षा काटेकोरपणे पाळतात. तेथूनच सुरुवात करावी. मावशी सर्वांच्या देखत एक फार मोठे ‘नक्की’ म्हणणार आहे, आणि ते कोणाच्याही विस्मरणात जाऊ नये म्हणून मोठ्याने, ठरलेल्या शब्दांत, हातापायांनी आणि वस्तूंच्या साहाय्याने म्हटले जाणार आहे, एवढे तिला सांगितले तरी पुरे.

ब्रिटिश तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास असे दाखवून दिले की काही वाक्ये कशाचेही वर्णन करत नाहीत. ती उच्चारणे हेच ते कृत्य करणे असते. लग्नातला होकार हे त्याचे ठळक उदाहरण. निकाहमध्ये एका बाजूचा प्रस्ताव आणि दुसऱ्या बाजूचा स्वीकार साक्षीदारांसमोर उच्चारला जातो आणि बाकीचा थाट कितीही असला तरी गाभा तोच मानला जातो. भारतातील १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या सातव्या कलमानुसार, ज्या लग्नात सप्तपदी असते ते लग्न सातवे पाऊल पडताच पूर्ण आणि बंधनकारक होते. म्हणजे कायद्यालासुद्धा तेथे पावलाकडे लक्ष द्यावे लागते. या सात पावलांपैकी प्रत्येकाला स्वतःचा हेतू असतो आणि शेवटचे पाऊल मैत्रीचे असते, हे कळल्यावर एरवी कंटाळणारी मुलेही पावले मोजू लागतात.

सगळेच विधी समजावून सांगण्याच्या भरीस मात्र पडू नये. मोठ्या समारंभात चाललेल्या प्रत्येक गोष्टीचा कानात कुजबुजून अर्थ सांगितला की मूल ना ऐकते ना पाहते. दोनतीन क्षण आधी निवडून ठेवावेत आणि त्या वेळी काय पाहायचे एवढेच तिला सांगून ठेवावे : कोण कोणाला काय सांगत आहे, आणि ते कोणासमोर सांगत आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तिला दिसेल अशा जागी बसवावे. बहुतेक समारंभांत मुलांना फक्त मोठ्यांच्या पाठी दिसतात, आणि नंतर आपणच तक्रार करतो की आजच्या मुलांना परंपरेत रस उरलेला नाही.

अंगठीसारखी वस्तू या वयात फार उपयोगी पडते. डाव्या हाताच्या अनामिकेतून एक शीर थेट हृदयाकडे जाते, अशी प्राचीन काळी समजूत होती. शरीरशास्त्राला ती मान्य नाही, आणि जर्मनी, पोलंड, नॉर्वे अशा देशांत लग्नाची अंगठी उजव्या हातात घालण्याची रीत आहे. हे ऐकून आपली मुलगी ‘मग खरा हात कोणता?’ असे नक्की विचारील. दोघांनी आणि त्यांच्या माणसांनी जो मानला तो, हे उत्तर तिला थोडे अपुरे वाटेल, आणि तसे वाटणे स्वाभाविक आहे. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी १९३२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुलांच्या गोट्यांच्या खेळावरून असे नोंदवले होते की लहान मुलांना नियम वरून आलेले आणि अढळ वाटतात, तर दहाबारा वर्षांच्या सुमारास ती त्यांकडे परस्परसंमतीने ठरलेली गोष्ट म्हणून पाहू लागतात. तेव्हा आज तिला अपुरे वाटलेले उत्तर ती चारपाच वर्षांनी स्वतःच पूर्ण करील.

प्रश्न : आमचे लग्न नोंदणी पद्धतीने झाले. मुलगा आठ वर्षांचा आहे. नातेवाइकांच्या लग्नाचे फोटो पाहून तो म्हणाला, ‘म्हणजे तुमचं खरं लग्न झालंच नाही.’ आम्ही हसून वेळ मारून नेली, पण त्याला नीट उत्तर द्यायला हवे असे वाटते.

उत्तर : विवाहाचे प्रमाणपत्र कपाटातून काढून त्याच्यासमोर ठेवावे. त्यावरच्या आपल्या दोघांच्या सह्या, साक्षीदारांच्या सह्या आणि तारीख त्याला दाखवावी. त्या साक्षीदारांपैकी कोणाला तो ओळखत असेल तर त्यांच्याकडून त्या दिवसाची हकिकत ऐकू द्यावी. उच्चार, साक्ष आणि खूण या तीन गोष्टी तेथेही होत्या. फुले आणि वाद्ये नव्हती, एवढाच फरक.

प्रश्न : पहिल्या पतीपासून विभक्त झाल्यानंतर काही वर्षांनी मी पुन्हा लग्न करत आहे. माझा नऊ वर्षांचा मुलगा या निर्णयाला विरोध करत नाही, पण तो गप्प झाला आहे. विधींची यादी करत असताना त्याने एकच विचारले, ‘मी कुठे बसू?’ मी म्हणाले, ‘अरे, आजीजवळ बस.’ त्याचा चेहरा उतरला. त्याला या लग्नात कसे सामील करून घ्यावे?

उत्तर : त्याने खुर्चीची चौकशी केलेली नव्हती. या नव्या रचनेत आपण कोणाचे आणि आपली जागा कोणती, हे त्याला हवे होते, आणि लग्नाचे विधी नेमक्या याच प्रश्नाला उत्तर देण्यासाठी घडलेले असतात. आर्नोल्द व्हान गेनेप या अभ्यासकाने १९०९ मध्ये मांडले की जीवनातल्या मोठ्या स्थित्यंतरांच्या विधींत तीन टप्पे दिसतात : जुन्या स्थितीपासून विलग होणे, मधल्या उंबरठ्यावर थांबणे आणि नव्या समूहात सामावले जाणे. वधूवरांना या उंबरठ्यावरून पार नेण्यासाठी सारे जमलेले असतात. आपला मुलगाही त्याच दिवशी तोच उंबरठा ओलांडणार आहे. फरक इतकाच की त्याच्यासाठी परंपरेने कोणताही विधी आखून ठेवलेला नाही. तो आपल्याला आखावा लागेल.

मला सर्वांत भावणारे उदाहरण क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या अनुयायांचे आहे. त्यांच्या सभेत लग्न लावणारा धर्मगुरू नसतो. बराच वेळ शांत बसलेल्या मंडळींतून वधूवर उठतात, आपले वचन स्वतः उच्चारतात आणि मग एका मोठ्या कागदावर लिहिलेल्या प्रमाणपत्रावर सही करतात. त्यानंतर उपस्थित असलेला प्रत्येक जण ओळीने पुढे येऊन त्याच कागदावर आपले नाव लिहितो, आणि त्यात मुलेही असतात. मोठ्यांच्या झोकदार सह्यांमध्ये कोठेतरी एखादे नाव ओळ सोडून वर चढलेले, वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलेले असते. तो कागद पुढे घरात जपून ठेवला जातो. कायदेशीर साक्षीदार प्रौढच लागतात, परंतु असा वेगळा कागद आपल्याही समारंभात ठेवता येईल. पहिली सही कोणी करायची, हे आपण ठरवू शकता.

एक पथ्य मात्र पाळावे. या लग्नात मुलाकडून कोणतेही वचन घेऊ नये. ‘मी नव्या बाबांवर प्रेम करीन’ असे त्याच्या तोंडून सर्वांसमक्ष वदवून घेणे हा त्याच्यावर अन्याय आहे. वचन मोठ्यांनी त्याला द्यावे, तेही पाळता येईल एवढेच : ‘तुझ्या घरात मी येत आहे, तुझी खोली, तुझ्या बाबांशी तुझी भेट, तुझे आईबरोबरचे बोलणे, यांना धक्का लागू देणार नाही.’ चिनी परंपरेत नवदांपत्य घरच्या वडीलधाऱ्यांना दोन्ही हातांनी चहाचा पेला देते आणि त्या वेळी त्यांना प्रथमच नव्या नात्याने हाक मारते. पेला स्वीकारला की ती हाकही स्वीकारली गेली असे समजतात. हा विधी सुंदर आहे, परंतु तो प्रौढांसाठी आहे. नव्या पतीला काय म्हणायचे, हे आपल्या मुलाला त्याच्या सवडीने ठरवू द्यावे, आणि ते लग्नाच्या दिवशी ठरलेच पाहिजे असा आग्रह धरू नये.

तो त्या दिवशी हिरमुसला, तर त्याला हसण्याची सक्तीही करू नये. ज्यू लग्नाच्या शेवटी वर कापडात गुंडाळलेला काचेचा पेला पायाखाली फोडतो, आणि त्याचा रूढ अर्थ असा की इसवी सन ७० मध्ये उद्ध्वस्त झालेल्या जेरुसलेमच्या मंदिराची आठवण आनंदाच्या शिखरावरही विसरू नये. एका समाजाने आपल्या सर्वांत आनंदाच्या क्षणी दुःखाला जागा ठेवली, ही गोष्ट नऊ वर्षांच्या मुलाला सांगण्यासारखी आहे. बाबा इथे नाहीत याचे त्याला वाईट वाटत असेल, तर ते वाटणे लग्नाच्या विरुद्ध नाही, हे त्याला आपल्या तोंडून ऐकू द्यावे. आणि आदल्या दिवशी हौसेने स्वीकारलेले काम त्याने त्या सकाळी नाकारले, तर विनातक्रार दुसऱ्या कोणाकडे द्यावे.

प्रश्न : मी प्राथमिक शाळेत शिक्षक आहे. पाचवीच्या वर्गासाठी ‘जगातील लग्नपद्धती’ असा प्रकल्प घ्यायचा आहे. वर्गात वेगवेगळ्या धर्मांची मुले आहेत, काहींचे आईवडील विभक्त आहेत. मुलांनी आईवडिलांच्या लग्नाचा फोटो आणावा आणि शेवटी एक खोटे लग्न वर्गात लावावे, असा विचार आहे. योग्य होईल का?

उत्तर : प्रकल्प जरूर घ्यावा; फोटो आणि खोटे लग्न या दोन्ही कल्पना सोडून द्याव्यात. फोटो मागितला की ज्याच्याकडे तो नाही त्या मुलाला सर्वांसमोर कारण द्यावे लागते. खोट्या लग्नात कोणाला नवरानवरी केले याची चिडवाचिडवी पुढे वर्षभर चालते, आणि शिवाय एखाद्या समाजाचा पवित्र विधी हसण्यावारी नेला जाण्याचा धोका असतो. अभिनयच हवा असेल तर मुलांना साक्षीदारांची भूमिका द्यावी आणि ‘तुमच्यासमोर कोणी वचन दिले, तर ते पाळले जावे म्हणून तुम्ही काय कराल?’ असे विचारावे. पाचवीची मुले याची फार खमकी उत्तरे देतात.

धर्मवार याद्या करण्यापेक्षा, विधी काय सांगू पाहतो यावरून मांडणी करावी. ‘आता आम्ही जोडलेले आहोत’ हे सांगण्यासाठी मेक्सिको आणि फिलिपाइन्समध्ये दोघांच्या खांद्यांवरून एक दोर इंग्रजी आठच्या आकड्यासारखा घालतात, शीख आनंद कारजमध्ये वराच्या पदराचे टोक वधूच्या हाती देऊन गुरू ग्रंथ साहिबभोवती चार फेरे घेतात, ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लग्नात दोघांच्या डोक्यांवर मुकुट ठेवले जातात. ‘हे आमचे घर’ असे सांगण्यासाठी ज्यू वधूवर चार खांबांवर ताणलेल्या कापडाखाली उभे राहतात. त्या छताच्या बाजू उघड्या असतात. कोणाच्या घरात काय करतात यावरून सुरू होणारी चढाओढ अशा मांडणीमुळे बरीच कमी होते.

‘हजारो वर्षांपासून चालत आलेली प्रथा’ हे शब्द जपून वापरावेत. वधूचा पांढरा पोशाख लोकप्रिय होण्यामागे १८४० मधल्या राणी व्हिक्टोरियाच्या लग्नाचा मोठा हात होता. जपानमध्ये तीन पेल्यांतून तीनतीन घोट घेण्याची रीत जुनी असली, तरी आज पारंपरिक म्हणून ओळखला जाणारा शिंतो मंदिरातील विवाहसोहळा १९०० मध्ये युवराज योशिहितो यांच्या लग्नानंतर सर्वत्र पसरला. प्रथा तुलनेने नवी आहे म्हणून तिचे मोल कमी होत नाही, हेही मुलांशी बोलावे.

एका उदाहरणाला मात्र पुरेसा वेळ द्यावा. अमेरिकेत गुलामगिरीत असलेल्या कृष्णवर्णीयांना कायद्याने लग्न करता येत नव्हते; मालकाच्या मर्जीनुसार नवराबायकोला वेगवेगळ्या ठिकाणी विकले जात असे. तरीही त्यांनी आपापसांत लग्ने लावली, आणि अनेक ठिकाणी दोघांनी मिळून जमिनीवर ठेवलेल्या झाडूवरून उडी मारणे हीच लग्नाची खूण होती. १८६५ मध्ये गुलामगिरी संपल्यानंतर कित्येक वर्षे एकत्र राहिलेली जोडपी आपल्या लग्नाची अधिकृत नोंद करण्यासाठी पुढे आली. कायदा, संपत्ती, सुरक्षितता यांपैकी काहीही पाठीशी नसताना माणसे एकमेकांना शब्द का देतात, हा प्रश्न वर्गात विचारून शिक्षकाने थोडा वेळ गप्प राहावे.

प्रश्न : माझी अकरा वर्षांची मुलगी एका लग्नाहून आल्यापासून अस्वस्थ आहे. ‘वडील मुलीचा हात दुसऱ्याच्या हातात का देतात? तिचा हात कोणी का देत नाही तिलाच?’ असे तिने विचारले. मी म्हणालो की ते केवळ प्रतीक आहे. त्यावर ती म्हणाली, ‘कशाचं?’ मला उत्तर देता आले नाही.

उत्तर : ‘केवळ प्रतीक’ हे शब्द मोठी माणसे बहुधा विषय मिटवण्यासाठी वापरतात, आणि आपल्या मुलीने तो मिटू दिला नाही हे चांगले झाले. तिला खरे सांगावे. एखाद्याचे ‘असणे’ दोन तऱ्हांचे असते. मी या घरातली आहे, या माणसांमध्ये मला जागा आहे, ही एक तऱ्हा. मी अमुक व्यक्तीच्या ताब्यात आहे, ही दुसरी. लग्नाच्या अनेक प्रथांमध्ये या दोन्ही तऱ्हा एकमेकींत मिसळल्या गेल्या आहेत. प्राचीन रोममधील एका विवाहप्रकारात स्त्री वडिलांच्या अधिकारातून पतीच्या अधिकारात जात असे. इंग्लंडमध्ये विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावावर मालमत्ता बाळगण्याचा पूर्ण हक्क १८८२ च्या कायद्याने मिळाला. ज्या काळात हात सोपवण्याचे विधी रूढ झाले, त्या काळात तो हात खरोखरच सोपवला जात होता.

तितकेच खरे हेही की त्याच परंपरांत स्त्रीला आधार देणाऱ्या तरतुदीही होत्या. मेहेर, म्हणजे निकाहमध्ये वराने वधूला द्यायची रक्कम किंवा वस्तू, हा वधूचा स्वतःचा हक्क आहे, तिच्या वडिलांचा नव्हे. ज्यू विवाहातील केतुबा हा करारपत्राचा कागद पतीची पत्नीप्रती असलेली कर्तव्ये लिहून ठेवतो. समानतेच्या आजच्या कल्पनेला या तरतुदी पुऱ्या पडत नाहीत. तरीसुद्धा निव्वळ शब्दावर न विसंबता काहीतरी लेखी आणि ठोस असावे, ही काळजी कोणीतरी घेतली होती.

अकरा वर्षांच्या मुलीला सर्वांत जास्त धीर येईल तो प्रथा बदलल्या गेल्याच्या हकिकतींनी. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केल्यानंतर पुरोहिताविना लग्ने लावण्यास सुरुवात झाली, आणि त्यांनी रचलेल्या मंगलाष्टकांत वधू स्वतः बोलते, स्त्रियांच्या स्वातंत्र्याविषयी वराकडून शपथ मागते. स्वीडनमध्ये वधूवरांनी जोडीने चर्चमध्ये प्रवेश करण्याची रीत आहे. वडिलांनी मुलीला हाताला धरून नेण्याकडे तेथील अनेक जण परकी प्रथा म्हणून पाहतात. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याचे सोळावे कलम सांगते की विवाह दोघांच्या मुक्त आणि पूर्ण संमतीनेच व्हावा. हे कलम आपण दोघांनी मिळून वाचावे. ते लहान आहे.

त्यानंतर एक अवघड काम उरते, ते आपले आहे. तिच्या लग्नात, ती कधी करील तर, आपण कोठे उभे राहावे हे ती ठरवील, असे तिला स्पष्ट शब्दांत सांगावे. पाहिलेल्या लग्नातल्या वधूला किंवा तिच्या वडिलांना मात्र नावे ठेवू नयेत. त्या वडिलांच्या डोळ्यांतले पाणी खरेच असेल, आणि विधीमागचा जुना अर्थ त्यांच्या मनातही आला नसेल. एकाच कृतीत माया आणि मालकी दोन्ही असू शकतात, हे अकरा वर्षांच्या मुलांना पचवता येते.

प्रश्न : आमच्या घरात धाकट्या मुलाचे आंतरधर्मीय लग्न आहे. दोन दिवस दोन वेगळे विधी होतील. सात वर्षांचा नातू विचारतो, ‘आजी, खरं लग्न पहिल्या दिवशी की दुसऱ्या?’ मी काय सांगू?

उत्तर : काका आणि काकू एकच शब्द दोन घरांना, त्या त्या घराला कळेल अशा रीतीने देणार आहेत, असे त्याला सांगावे. आजीने शेजारणीशी बोलताना आणि नातवाशी बोलताना एकच गोष्ट वेगळ्या तऱ्हेने सांगितली तरी ती तीच असते, हे त्याला माहीत आहे. नोंदणी कोणत्या दिवशी होणार हे त्याने खोदून विचारले, तर तेही सरळ सांगावे.

दोन्ही दिवशी त्याला दोन्हीकडच्या मुलांबरोबर बसू द्यावे आणि दुसऱ्या घरचा विधी पाहताना काय करायचे, काय करायचे नाही, हे त्या घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाकडून त्याला आधी समजून घेऊ द्यावे. पादत्राणे कोठे काढायची, डोके झाकायचे का, कधी उभे राहायचे, या गोष्टी सात वर्षांच्या मुलांना मनापासून आवडतात. आणि जवळचे कोणी नाराज होऊन येणार नसेल, तर ते गावाला गेले आहेत अशी थाप मारू नये. ‘त्यांना हे लग्न अजून मान्य नाही, आम्हाला त्याचे वाईट वाटते, आणि त्यांच्याशी आपले बोलणे चालू आहे’ एवढे त्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवावे, म्हणजे भर समारंभात तो त्यांना शोधत फिरणार नाही.